फोन जिवंत हाय का

संगमनेरच्या डेअरीतल्या कॉम्प्युटरवरचे दुधाचे आकडे मी मोडेम लावून पुण्याला पाठवायचो. फोनची लाइन एकच होती. त्या दिवशी जोडणी सारखी तुटत होती. वैतागून बाहेर आलो, तर एक अनोळखी म्हातारा रिसीव्हर कानाला लावून बसलेला.

"बाबा, सारखा कशाला उचलता?"

"फोन जिवंत हाय का बघतो. लेक पुन्याला बाळंतपनाला हाय. जावई हितं फोन करनार हायेत."

"अहो, तुम्ही उचललात की माझं काम पहिल्यापासून."

"आन् तुमचं काम चालू असलं, तर त्यांचा फोन लागंल का?"

लागणार नव्हता. चरफडत मी मोडेमची वायर काढली.

घंटा वाजली. त्याने ऐकून रिसीव्हर माझ्याकडे दिला. "तुमचे सायेब हायेत."

"लाइन खराब आहे, साहेब," म्हणत मी फोन ठेवला.

पुन्हा घंटा वाजली. या वेळी रिसीव्हर त्याने दिला नाही. डोळे पुसत, हसत, नुसता "व्हय, व्हय" म्हणत राहिला.