चोचीत काय आहे

माझ्या आत्याचा जन्मात कोणावर विश्वास बसला नाही. दूधवाल्याचं माप, डॉक्टरची गोळी, शेजारणीचं हसू, सगळीकडे तिला पाणी मुरताना दिसायचं. माझं लग्न ठरत आलं होतं, तेव्हा मुलाचे बूट उलटे करून तिने विचारलं, "एकच टाच का झिजलीय?" मंडळी उठून गेली ती परत आलीच नाहीत. मी अजून तिच्याजवळच राहते, मशीनवर कपडे शिवते, आणि त्या टाचेचा राग अजून माझ्या मनात आहे.

असल्या बाईला काम मिळालं होतं राखणीचं, आणि ते तिला अगदी शोभत होतं. गव्हाच्या शेतात मचाण, हातात गोफण आणि समोर भोरड्या. ही साळुंकीच्याच कुळातली, काळ्या डोक्याची गुलाबी पाखरं. थव्याने उतरतात आणि माणसासारखी कचकच करतात. आत्या त्यांना चोरटे म्हणायची. कामाबरोबर मालकांनी धान्याच्या कोठारामागची खोली दिली होती. आम्ही दोघी तिथेच राहायचो.

त्या वर्षी पाखरं काय खातात ते तपासायला एक बाई आल्या; आम्ही त्यांना मोजणीबाई म्हणायचो. गळ्यात दुर्बीण, खिशात चिमटा, चोच मोजायला एक पोलादी पकड. त्यांनी बांधावरच्या झाडांना लाकडी पेट्या टांगल्या. भोरड्यांनी त्यांत घरटी केली, आणि मग बाई माझ्याकडे आल्या. पाखरं वजनाला घालायला त्यांना लहान पिशव्या शिवून हव्या होत्या, तोंडाशी नाडी असलेल्या.

"पाखराला पिशवी?" आत्या मला म्हणाली. "शिवू नकोस. यात काहीतरी काळंबेरं आहे."

मी शिवल्या. बाई पिल्लू पिशवीत घालायच्या, पिशवी स्प्रिंगच्या काट्याला अडकवायच्या, मग पंख, पाय, चोच मोजायच्या. त्याआधी पिल्लाच्या गळ्यात मऊ दोरा सैलसा बांधायच्या. आईबापांनी भरवलेला घास गळ्यातच राहायचा, श्वास मात्र चालू. थोड्या वेळाने चिमट्याने घास काढायचा, दोरा सोडायचा. दोरा पाहून आत्याने सुतावरून स्वर्ग गाठला. "गळे आवळतेय ती. हिला नक्की कोण पाठवतं?"

तेवढ्यावर भागलं असतं, पण एके दिवशी मालक पेटीशी आले. चिमट्यात हिरवी अळी वळवळत होती.

"म्हणजे ही पाखरं माझी कीड खातात?" मालक म्हणाले. "मग राखण कशाला हवी? खोली ट्रॅक्टरवाल्याला देतो की."

"अजून काम संपलं नाही," बाई म्हणाल्या.

घरी येऊन आत्या जेवली नाही. एवढ्याशा अळीने तिच्या पोटावर पाय आणला होता. भीती मलाही वाटली. शिवणाच्या जिवावर खोली घेणं मला झेपणारं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाई पिल्लाला दोरा बांधून पुढच्या पेटीकडे गेल्या आणि जाताना आत्याला म्हणाल्या, "आत्या, इथे जरा मांजरावर लक्ष ठेवाल?" चोराच्या हाती किल्ल्याच दिल्या म्हणायच्या. मी धुतलेल्या पिशव्या घेऊन पोचले, तेव्हा आत्या पेटीपासून मागे सरत होती. बाई आल्या, चिमटा घातला. पिल्लाच्या गळ्यातून गव्हाचे दाणे निघाले.

"बघा," आत्या म्हणाली. "मी सांगत नव्हते?"

बाईंनी दाणे तळहातावर घोळवले. कडक, लालसर, वाळलेले. मग त्यांनी शेतातली एक ओंबी तोडून दाबली. पांढरा चीक बोटावर आला. गहू अजून दुधात होता. तसे वाळलेले दाणे आमच्या डब्यातच होते, हे मला कळायला वेळ लागला नाही. बाईंनी आत्याकडे पाहिलं, दाणे टाकून दिले, दोरा सोडला आणि पिल्लू पेटीत ठेवलं. तोंडातून ब्र काढला नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आत्याला निराळंच खुपत होतं. "ती गप्प का बसली? काय हवंय तिला माझ्याकडून?" चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते मी बघत होते.

शेवटी मालकांनी बाईंना आमच्यासमोरच विचारलं. बाई म्हणाल्या, "पिल्लांना अळ्या, टोळ, किडे भरवतात. गहू पिकल्यावर मोठी पाखरं काय खातात ते मी अजून पाहिलेलं नाही. पाहिल्याशिवाय मी सांगणार नाही. तोवर राखण काढू नका." आणि कापणीच्या सुमारास परत येते म्हणून त्या दुसऱ्या शेतांवर गेल्या.

"कीव केली माझी," आत्या घरी येताना म्हणाली.

"खरं तेच बोलल्या त्या."

"खरं कधी इतकं आपल्या सोयीचं असतं का?"

गहू पिवळा झाला. पिल्लं उडाली, थवे आले. मी डबा घेऊन गेले तर आत्या मचाणावर नव्हती. ती शेतात गुडघ्यांवर बसली होती, गोफणीत दगड तसाच. समोर भोरड्या ओंब्यांवर झुलत होत्या, चोच घालत होत्या, मान वर करून गिळत होत्या.

"आत्या, पाखरं बसलीत," बांधावरून मालकांचा आवाज आला. "मारा की."

आत्याने मागे न बघता त्यांना हाताने गप्प राहायला सांगितलं. मालकांना! तेही काही कमी संशयी नव्हते. बाईंनी हिला फितवलं, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं. संध्याकाळी ट्रॅक्टरवाला खोली बघून गेला.

सामान बांधताना माझा संताप आवरेना. मशीन ठेवायला जागा कुठे मिळणार, याचाही पत्ता नव्हता.

"जन्मभर कशाची खात्री न करता दगड मारलेस," मी म्हणाले. "आज एक भिरकावला असतास तर काय बिघडलं असतं?"

आत्या गव्हाच्या डब्याचं झाकण दाबून बसवत होती.

"दाणा होता की अळी," ती म्हणाली, "ते दिसलं नाही ना मला."