एकोणीसवर अडकलेला प्रोग्राम

आमच्या विभागात सगळ्यांसाठी एकच मोठी मशीन होती. तिच्यावर चालणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामला एक आकडा असतो. आकडा जितका मोठा, तितका तो प्रोग्राम मागे थांबतो आणि इतरांना पुढे जाऊ देतो. सकाळी एम.टेक.चे भैया म्हणाले, "तुझं जरा मागे घे ना, माझं अटकून राहिलं." मी लगेच सगळ्यात मोठा आकडा टाकला, एकोणीस. दुपारी परत शून्य करू, असं वाटलं होतं.

दुपारी शून्य टाकलं, तर उत्तर आलं की परवानगी नाही. आकडा वाढवणं आमच्या हातात होतं, कमी करणं फक्त लॅबच्या सरांच्या. सर मझौलीला लग्नाला गेलेले, फोन लागेना. चार वाजता परीक्षक येणार होते आणि माझा प्रोग्राम जवळजवळ थांबलेला. बंद करून पुन्हा सुरू केला, तर सकाळपासूनचं सगळं वाया. निकाल नाही तर प्रोजेक्ट नापास, म्हणजे वर्ष गेलं. बाबा खमरियाच्या फॅक्टरीत कामाला. घरात कॉलेज पाहिलेलं कोणी नाही. अशा वेळी काय करतात, हे विचारणार कोणाला?

शेवटी कँटीनमध्ये भैयांसमोर जाऊन उभी राहिले.

"काहून रडून राहिली?"

"मी एकोणीस केलं होतं. आता परत येत नाही."

"पूरा उन्नीस? अरे, पाच केलं असतं तरी चाललं असतं! इतकी शराफत कोण करते यार?"

ते हसले, पण चहा तसाच ठेवून उठले. लॅबमध्ये येऊन त्यांनी स्वतःच्या प्रोग्रामलाही एकोणीस दिला. आता दोघांना मशीनचा सारखाच वाटा मिळणार होता.

"पण भैया, आता तुमचंही परत येणार नाही."

"चलो, गाइडच्या शिव्या खाऊ. तू स्क्रीन बघ."

स्क्रीनवर माझ्या निकालाचे आकडे हलू लागले, पण हळूहळू. परीक्षक आले तेव्हाही काम बाकी होतं. "सर, आधी दुसऱ्यांचं बघाल का? माझं अजून चालू आहे," मी म्हणाले. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि पुढच्या टेबलाकडे गेले.

शेवटची ओळ उमटली तेव्हा परीक्षक माझ्या खुर्चीमागे येऊन उभे होते, आणि मी उठून उभं राहायचंही विसरले.