नंबर अण्णाचाच टाका

आमच्या ह्यांना सगळं कमठाणा गाव अण्णा म्हणतं. खरं नाव रेवणसिद्धप्पा. मी त्यांची बायको भुवनेश्वरी, आणि मी इथं ह्यांचं कौतुक करायला बसले न्हाई, आधीच सांगते. लग्नाला बावीस वर्षं झाली, त्यातली शेवटची नऊ ह्यांनी फोनसंगं काढली. जेवताना फोन ताटाशेजारी. आंघोळीला गेले की न्हाणीच्या खिडकीत. पूजेला बसले की डाव्या तळहातावर इष्टलिंग आणि मांडीला चिकटून फोन. वाजला की डोळे उघडलेच.

ह्याची सुरुवात सासऱ्यांपासून हाय. सासरे बसलिंगप्पा, त्यांचं गावात किराणा दुकान. त्या वक्ताला शेतातल्या वस्त्यांवर पोस्टमन जायचा न्हाई. मग अर्ध्या गावाची पत्रं 'मार्फत बसलिंगप्पा, किराणा दुकान' अशी यायची. ती गल्ल्यामागं पडून असायची. ज्याचं त्यानं तेलामिठाला आलं की घेऊन जायचं. सासऱ्यांना त्याचा लई मान होता.

सासरे गेले, ह्यांनी त्याच दुकानात कंप्युटर मांडला आणि लोकांचे फॉर्म भरून द्यायला लागले. पहिल्याच आठवड्यात राजूबाई नावाची म्हातारी पेन्शनीसाठी आली. फॉर्मात मोबाइल नंबराचा रकाना, त्याच्यावर लाल चांदणी. रिकामा ठेवला की पान पुढं सरकत न्हाई. म्हातारीकडं कुठला मोबाइल! ह्यांनी आपलाच नंबर टाकला आणि म्हणाले, मार्फत समज. झालं. दुसऱ्या दिवसापासून जो उठला तो म्हणायला लागला, नंबर अण्णाचाच टाका.

अहो, पत्र आठ दिवस गल्ल्यामागं राहिलं तरी त्याचं काय बिघडत न्हाई. फॉर्म भरताना मोबाइलवर येणारा हा कोड, ओटीपी म्हणतात तो, दहा मिनिटांत मरतो. नंबर बदलायची सोय पानाच्या पार तळाला, मुंगीएवढ्या अक्षरात, आणि ती दाबली की तिचा बी कोड जुन्याच नंबरावर. म्हणजे माणसानं परत अण्णाकडंच यायचं. चार-पाचशे लोकांची कामं ह्यांच्या खिशात अडकली, आणि त्या खिशाला बांधलेली मी. माहेरी जायचं म्हणलं की ह्यांचा पहिला प्रश्न, तिकडं रेंज हाय का?

ही पानं कोण बनवतं, त्याला एकदा माझ्यासमोर आणून बसवा. ह्यांच्यामागं दुकानात मी बी बसते, मला माहीत हाय. सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याची जन्मतारीख टाकायची तर कॅलेंडर महिना-महिना मागं ढकलत बसायचं, बोट दुखून येतं. 'पाठवा'च्या अंगाला लागूनच 'पुसा'. अर्धा तास भरलेला फॉर्म एका बोटानं गडप. कामून बाबा? तुझ्या घरात चुलीशेजारी रॉकेल ठेवतोस का?

तर मागल्या साली भालकीला माझ्या भावाच्या पोरीचा, विजयश्रीचा साखरपुडा होता. मी सख्खी आत्या. पोरीला साडी आम्ही जोडप्यानं द्यायची. बसमध्येच ह्यांनी सांगितलं की आज तानाजीच्या अंबिकेचा कोड यायचाय. तानाजी आमच्या गावचाच, वस्तीवर राहतो. त्याच्या पोरीला बिदरच्या सरकारी नर्सिंग कॉलेजात जागा लागली होती. संध्याकाळी पाचच्या आत वेबसाइटवर 'मान्य' करायचं, न्हाईतर जागा खालच्या नंबराच्या पोरीला. मी नुसतं 'हूं' म्हणलं.

मंगल कार्यालयात फोन वाजायला सुरू झाला. कुणाचं रेशन, कुणाचा पीकविमा. हे उठायचे, बाहेर जाऊन आकडे वाचून दाखवायचे, परत यायचे. साडी द्यायला आमचं नाव पुकारलं तवा हे बाहेरच. मी एकटी पाटावर ताट धरून बसलेली. भावजय हसून म्हणाली, अक्का, भाऊजी फोनसंगं आले का तुमच्यासंगं? सगळ्या बाया हसल्या. माझ्या अंगाचा भडका उडाला.

हे आले तसा मी फोन मागून घेतला. मी बघते, तुम्ही बसा, म्हणलं. आणि पर्समध्ये घालताना बंद केला. पुढल्या दोन तासांत ह्यांनी तीनदा विचारलं, अंबिकेचा कोड आला का. मी तिन्ही वेळा सांगितलं, आता आत रेंज न्हाई. खोटं. ढळढळीत खोटं. आणि खरं सांगते, ते दोन तास हे माझ्याशेजारी बसून जेवले, पाव्हण्यांशी बोलले, मला लई बरं वाटलं.

साडेचारला तानाजी मोटारसायकल घेऊन कार्यालयाच्या दारात. पाठीमागं अंबिका, हातात चुलतभावाचा फोन, त्यावर ते पान उघडलेलं. कमठाण्याहून कसा आला असंल देव जाणे, धुळीनं डोळे लाल. पोरीनं पाच वेळा कोड मागवला होता. मी आतच पर्समधला फोन चालू केला. चालू होतानाचं संगीत वाजलं. ह्यांनी ऐकलं, माझ्याकडं बघितलं, आणि आम्ही दोघं दाराकडं पळालो.

मग पाच कोड एकदम पडले, टणटण टणटण. मागंपुढं कसेही. पाचही मेसेज अक्षरशः सारखे, फक्त आकडे वेगळे. कुठला शेवटचा ते कुठंच लिहिलेलं न्हाई. हे म्हणायलेत, थांब पोरी, नवा मागव, पर तिनं तवर पहिला टाकला बी. चूक. दुसरा. चूक. तिसरा टाकला आणि पान लाल झालं. तीन प्रयत्न संपले, चोवीस तासांनी परत या. तवा पाचला वीस मिनिटं होती. त्या वीस मिनिटांत आम्ही चौघांनी काय केलं असंल? त्या लाल पानाकडं बघत बसलो. मदतीचा म्हणून दिलेला नंबर लागलाच न्हाई.

पाच वाजले. तानाजीनं विचारलं, अण्णा, फोनला काय झालं होतं? हे म्हणाले, आत रेंज न्हाई बघ तानाजी. बावीस वर्षांत ह्यांच्या तोंडून ऐकलेलं पहिलं खोटं, ते बी माझ्यासाठी. घरी आल्यावर हे फोन चार्जिंगला लावून झोपले. भांडले असते तर बरं झालं असतं.

ह्या साली बापलेक परत दुकानात आले. पोरीनं वर्षभर दुसऱ्याच्या शेतात मजुरी केली, आता नव्यानं फॉर्म. आधी कागदावर भरून आणलेला. तानाजी म्हणाला, नंबर अण्णाचाच टाकलाय. रेंज नसली त्याला कोण काय करणार?

मला ऱ्हावलं न्हाई.

"तानाजी, रेंज होती. फोन मी बंद केला होता. मुद्दाम."

ह्यांनी मान खाली घातली. अंबिकेनं माझ्याकडं एकदा बघितलं, पेन घेतलं आणि कागदावरचा आमचा नंबर खोडला. मग बापाला विचारलं, "कुणाचा टाकू?"

बापाचा फोन रिचार्जवाचून बंद. चुलतभाऊ आता हैदराबादला, त्याचं सिम दर सहा महिन्याला नवं. तानाजी विचार करत ऱ्हायला. पोरगी पेन धरून उभी. मी बी उभी.

मग तिनं खोडलेल्याच्या वर, बारीक अक्षरात, परत आमचाच नंबर लिहिला.