मामूंचं बंदर

इंग्लंडमधल्या समुद्रकाठच्या खेड्यांचे जुने फोटो पाहिले की लोकांना इंग्लंड आठवतं. मला सौदीतलं कतीफ आठवतं. आणि कतीफ म्हणजे आमचे स्टुडिओवाले मामू. अर्ध्या रत्नागिरी जिल्ह्याला एकट्याने, तेही निव्वळ प्रेमापोटी फसवणारा दुसरा माणूस मी आयुष्यात पाहिलेला नाही.

मामू दाभोळकडचे. मी एका खाजगी दवाखान्यात रक्त-लघवी तपासणारा, साताऱ्याकडचा घाटी. पण पांढरा कोट घातलेला कुणीही मामूंच्या लेखी डॉक्टरच. स्टुडिओ आमच्या दवाखान्यासमोर होता. धाहरानच्या तेल कंपनीच्या कॅम्पमधला कुणी गोरा इंजिनियर मायदेशी परतला, तेव्हा त्याने टाकून दिलेल्या सामानात मामूंना दोन काळे-पांढरे फोटो सापडले. एक छोटंसं बंदर, आणि एक समुद्राकडे उतरत जाणारी पायऱ्यांची गल्ली. मामूंनी ते भिंतीएवढे मोठे करून घेतले, स्वतः बसून रंगवले, कौलं मंगलोरी लाल केली, खिडक्यांत जास्वंद फुलवली आणि पडदे म्हणून स्टुडिओत टांगले. तेव्हापासून कोकणातला प्रत्येक वेल्डर, ड्रायव्हर आणि सुतार गावी फोटो पाठवायचा म्हटलं की त्या इंग्रजी खेड्यात उभा राहू लागला.

"खजूर पाठव, अत्तर पाठव, पण घाम पाठवू नको," असं मामू प्रत्येकाला बजावत. त्यासाठी स्टुडिओत एक निळा कोट होता. तो कुठल्याही अंगाला बसे, कारण पाठीमागे तो उभा फाडलेला होता आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी हवा तेवढा आवळता येई. फक्त वळायचं नाही, एवढी अट. दुसरी अट हसण्याची. गिऱ्हाईक हसल्याशिवाय मामू बटण दाबतच नसत. एका फिटरचा चेहरा काही केल्या उलगडेना, तेव्हा मामूंनी आपल्याच कफीलची, म्हणजे ज्याच्या नावावर दुकान आणि व्हिसा त्या सौदी मालकाची, नक्कल सुरू केली: चष्मा नाकावर ठेवून दुकानभर चष्मा शोधणारा कफील. फिटर पोट धरून हसला, फोटो निघाला, आणि मागे वळून बघतो तर खरा कफील दारात उभा! तो बिचारा आधी नाकावरचा चष्मा चाचपू लागला आणि मग स्वतःच हसत सुटला. मामूंवर त्याचा जीव होता, तो असा.

या फोटोंनी पुढे काय काय घडवलं म्हणता! राजापूरच्या एकाने गावी घर बांधताना गल्लीतल्या घरासारखं धुराडं काढलं. त्याखाली चूल नाही की काही नाही. त्यात पाकोळ्या राहतात. दुसरा एक पठ्ठ्या इकाम्यासाठी, म्हणजे तिथे राहायच्या परवान्यासाठी, बंदरातलाच फोटो घेऊन गेला. ऑफिसातल्या साहेबाने विचारलं, ही जागा कुठली? तो छातीठोकपणे म्हणाला, "कतीफ." साहेब म्हणाला, "मी इथेच जन्मलो बाबा, मला का नाही दिसली?" आणि खुद्द मामू? तेही दर ईदेला कोट चढवून त्याच बंदरात उभे राहत आणि दाभोळला मामींना फोटो पाठवत. सोबत एकच वाक्य: माझं घर इथून जवळच आहे.

मग सौदीकरण आलं. आज या दुकानाची पाळी, उद्या त्याची. स्टुडिओत आता सौदी माणूस बसवायचा होता, आणि कफीलने आपल्या पुतण्याला बसवायचं ठरवलं. मामूंचे केस पिकलेले. मी म्हटलं, "आता गावी जा की." तर म्हणाले, "गावी जाऊन दाखवू काय, डॉक्टर? त्यांच्या मते मी बंदरात राहतो." त्यांनी खफजी शहरातल्या एका नव्या कफीलशी बोलणी चालवली होती, तो मामूंचा इकामा आपल्या नावावर करून घेणार होता. तेवढ्यात जुन्या कफीलने निरोपाची भेट म्हणून काय करावं? मामींचा व्हिजिट व्हिसा काढून दिला! मामूंच्या तोंडचं पाणीच पळालं.

दम्मामच्या विमानतळावरून मामींना आणलं माझ्या गाडीतून. गाडीत बसल्या बसल्या मामींनी विचारलं, "बंदर कधी लागतं?"

"बंदराची डागडुजी चाललीय. बंद आहे," मामू म्हणाले. मी गाडीचा वेग वाढवला.

स्टुडिओत शिरल्यावर मामी थेट पडद्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "ह्याला भरती कधी येते हो?"

मामू पडद्याची चुणी सारखी करू लागले.

"इतक्या ईदा झाल्या, इतके फोटो आले. प्रत्येक फोटोत होड्या चिखलात आडव्या. माझा बाप होडीवर तांडेल होता. कायम ओहोटी असलेलं बंदर मला सांगता?"

अहो, आम्ही सगळे त्या बंदराकडे पाठ करूनच उभे राहिलो होतो! कुणाच्या ध्यानात येणार?

"मग विचारलं का नाहीस गो?" मामूंचा आवाज पार खाली गेला होता.

"तुम्ही किती नीट उभे राहायचात. म्हटलं, माणसाला एवढं लपवायचंय तर लपवू दे." आणि मग म्हणाल्या, "आता राहता कुठे ते दाखवा."

मामूंनी पडदा बाजूला केला. मागे त्यांची खोली होती. इतक्या वर्षांत मीही ती पाहिली नव्हती. एक खाट, एक शेगडी, पाण्याचे कॅन, आणि उघडली की शेजारच्या एसीची गरम हवा आत येणारी खिडकी. मामी खाटेवर बसल्या. गादीवरून हात फिरवला.

"पहिल्यापासून इथेच?"

"इथेच."

त्या रडल्या नाहीत. पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "त्या खफजीवाल्याला फोन लावा. म्हणावं, खलास. चला घरी."

"लोक काय म्हणतील गो?"

"लोकांचं मी बघते."

मामूंनी माझ्यादेखत फोन लावला. खलास, एवढंच बोलले. महिन्याभरात दोघं गेले.

मी मात्र राहिलो. बायको साताऱ्यात, मुलीची बारावी, सगळं रीतसर ठरलेलं. दर शुक्रवारी तिचा फोन यायचा. कसे आहात, म्हणायची. मजेत, म्हणायचो. त्यापुढे ती कधी काही विचारायची नाही, आणि किती समजूतदार बायको मिळाली म्हणून मी खूश असायचो. मामू गेल्यावरच्या पहिल्या शुक्रवारी फोन आला. कसे आहात. मजेत. ती नेहमीसारखी गप्प झाली, आणि मला फार वाटलं, आज तरी हिने विचारावं.