पेन्सिलीतली खोली

आर्डिस कोलमायरला तलवारी-मंत्रांत रस नव्हता, आणि फाशांच्या बाबतीत तिचा हात जन्माचा कमनशिबी. तरीही सदतीस वर्षं, दर रविवारी चर्च सुटलं की ती अमेरिकेतल्या एल्कहॉर्न गावी ड्वेन फॉसच्या तळघरात खुर्ची ओढून बसायची आणि तिच्यावाचून खेळ सुरू व्हायचा नाही. कारण नकाशा ती काढायची.

खेळ टेबलाभोवती बसून खेळायचा, मनातल्या भुयारांचा. सूत्रधार ड्वेन पुठ्ठ्याच्या आडोशामागून नुसतं तोंडाने सांगणार, "बोळ उत्तरेला तीस फूट जातो, मग डावीकडे वळतो," आणि बाकीच्यांनी आपापली पात्रं घेऊन वाट काढायची. ऐकलेलं कागदावर उतरवणारं कुणी नसेल तर सगळे आतच भटकून मरायचे. पहिल्या आवृत्तीच्या नियमपुस्तकात ठणकावून लिहिलंच होतं, की एका खेळाडूने नकाशा काढावा. शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं उकडलेले बटाटे वाढणाऱ्या बाईसाठी पुस्तकांत कोण जागा राखून ठेवतो? या पुस्तकाने ठेवली होती.

तिची एक रीत होती. ड्वेन बोलत असताना पेन्सिल. सगळ्यांची पात्रं तिथून जाऊन आली की शाई. आणि चौकटीच्या कागदावर भिंतींमध्ये कोरी जागा उरली, की ती तिथे बोट ठेवायची. "इथे काहीतरी आहे." आणि असायचंच! मग ड्वेन कपाळाला हात लावायचा. "या बाईपासून काही लपवायची सोय नाही."

दुसऱ्या आवृत्तीत ते वाक्य मऊ झालं: हवं तर नकाशा काढावा. तिसऱ्या आवृत्तीत ते एका कोपऱ्यातल्या बारीक टिपेत जाऊन बसलं. मग ड्वेनची मुलगी कर्स्टन सगळ्यात नवी आवृत्ती घेऊन आली आणि बापाच्या टेबलावर तिने टीव्ही आडवा ठेवला. सूत्रधार ड्वेनच राहिला, पण आता पात्रं पुढे सरकली की पडद्यावर नकाशा आपोआप उजळायचा. आर्डिसने नवं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या सूचीपर्यंत बोट फिरवत तपासलं. नकाशा काढणाऱ्याचा उल्लेखच नव्हता; नकाशा काढू नका, एवढंही कुणी लिहिलं नव्हतं.

"आर्डिस आत्या, आता ते खरडत बसायला नको तुला," कर्स्टन मायेनं म्हणाली. "तूही मस्त लढ. बघ, तुझ्या पात्राला सात करामती मिळाल्यात!"

"सात? मी करू काय त्यांचं?"

"मर, आणि काय," जुना भिडू मर्लिन टेश सॉसेज चघळत म्हणाला. "पण नव्या नियमांत धड मरताही येत नाही म्हणे."

सगळे हसले. तीही हसली. त्यानंतर दोन महिने तिची पाळी आली की सगळे तिच्याकडे बघत, ती विचारी, "काय करू?", कुणीतरी सांगे आणि ती फासा टाकी. सदतीस वर्षांच्या खुर्चीवर ती पाहुण्यासारखी अवघडून बसू लागली. टेबलाखाली मांडीवर मात्र चौकटीचा कागद असायचा. हा वेडेपणा आहे हे तिला कळत होतं, पण हात राहत नव्हता.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी तो हात थांबला. विहिरीची खोली आणि जिना यांच्यामध्ये जागा उरत होती. चाळीस फूट बाय तीस. तिने पुन्हा मोजलं. तेवढीच भरली.

"थांबा," ती म्हणाली आणि पडद्यावर बोट टेकवलं. "इथे खोली आहे."

कर्स्टनने मान हलवली. "नाही गं आत्या. हे नकाशे तयार विकत मिळतात. काढणाऱ्याकडून जागा उरली, एवढंच. तिथे काही नाही."

ड्वेन आर्डिसकडे बघत होता. "आहे," तो म्हणाला.

"बाबा, अहो..."

"आहे म्हटलं ना! छुपा दरवाजा. आर्डिसनं शोधला."

मर्लिनने टाळ्या पिटल्या. इतक्या जोरात त्याने आयुष्यात कधी पिटल्या नव्हत्या. आर्डिसने कागद टेबलावर घेतला, पेन्सिल सरसावली. "दरवाजा कुठल्या भिंतीला?"

"अं... पूर्वेच्या."

"पूर्वेला विहीर आहे, ड्वेन."

"हो, हो. मग पश्चिमेच्या."

सदतीस वर्षांत हा माणूस एका भिंतीला अडखळला नव्हता. त्याने तिला कधी एक फूटसुद्धा दयेपोटी दिला नव्हता, आणि त्याचाच तिला अभिमान होता. तिने पश्चिमेला दरवाजा काढला. सगळे आत गेले. आत पेटी निघाली, पेटीत मुकुट निघाला, आणि जो तो तिचं कौतुक करत सुटला. तिला भयंकर लाज वाटली, ड्वेनचीही आणि स्वतःचीही.

निघताना ड्वेनने तिला घालायला कोट धरला. "पुढच्या रविवारी येतेस ना?"

"बघते," ती म्हणाली. हे उत्तर तिने याआधी कधी दिलं नव्हतं. ड्वेनने कोट तिच्या खांद्यावर ठेवला.

घरी आल्यावर तिने दिवा ओढून घेतला आणि शाईचं पेन काढलं. बोळ पक्का केला, विहीर केली, जिन्याच्या पायऱ्या एकेक करून केल्या. राहिली ती खोली. सगळे तिच्यातून जाऊन आले होते, म्हणजे रीतीप्रमाणे आता शाई. पेन बराच वेळ कागदावर नुसतं धरलेलं राहिलं. मग तिने टोपण लावलं, खोली पेन्सिलीतच राहू दिली आणि कागद जुन्या नकाशांच्या गठ्ठ्यात अगदी तळाशी सरकवला.