आधी रीसेट दाबून धर

घरात तिला सगळे भागूबाई म्हणत. नवी नवरी म्हणून आली तेव्हा ती दिव्याचं बटणसुद्धा कोरडा रुमाल गुंडाळून दाबायची, म्हणून थोरल्या दिरानं तिला भित्री भागूबाई ठरवलं. आणि गंमत बघा, त्याच गृहस्थानं तिला आपल्या जुन्या व्हिडिओ गेम दुरुस्तीच्या दुकानात तापल्या कांडीनं कथलाचे डाग द्यायला बसवलं. नवऱ्यानं हात जोडले, "दादा, दुकान जाळेल ही."

"जाळेल कशी? इस्त्री तापली का ते पण ही लांबूनच बघते," भाऊजी म्हणाले.

पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं, "गेम बंद करताना आधी रीसेट दाबून धर, मग स्विच." वीज जाता जाता ते यंत्र पिसाळतं आणि कॅसेटमध्ये साठवलेल्या खेळावर वाटेल ते खरडून ठेवतं. रीसेट दाबलेलं असलं की त्याचे हात बांधलेले राहतात. भागूबाईनं हे इतकं मनावर घेतलं की पुढे कित्येक वर्षं पंखा बंद करतानाही तिचा डावा अंगठा रीसेट शोधायचा.

गेल्या वर्षी भाऊजींना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, आणि त्याहून वाईट म्हणजे घरची माणसं डोक्यातून पुसली गेली. जाऊबाईंना ते नर्सबाई म्हणू लागले. भागूबाईला तर काहीच म्हणेनात. राहिलं फक्त एका कॅसेटमधलं गाव. तरुणपणापासून त्यांनी ते बांधत आणलं होतं आणि तिथल्या घरांना घरच्यांची नावं दिली होती. सकाळी डाव्या हातानं ते त्या गावात फिरत, एकेका दारापुढे थांबून म्हणत, "ही आई. हा धाकटा. ही भागूबाई." खेळाबाहेर ही माणसं त्यांना सापडत नव्हती.

मग दुकानात त्याच खेळाच्या तीन कॅसेटी आल्या. तिन्हींच्या आतला बटणाएवढा सेल संपलेला, तिन्हींमधला साठवलेला खेळ साफ. भागूबाईला भाऊजींचं गाव आठवलं. तिनं धावत घर गाठलं. नशिबानं गेम चालू होता.

"जाऊबाई, आता हा बंद करायचा नाही. चालू आहे तोवर कॅसेटला यंत्राकडून वीज मिळते. आतला सेल मेला असेल, तर बंद केला की गाव गेलं."

तेव्हापासून तो डबा अहोरात्र चालू होता. दिवा जरा लुकलुकला तरी दोघी जावांचे प्राण कंठाशी येत. सेल बदलायला हवा हे भागूबाईला ठाऊक होतं. वीज चालू ठेवूनच बदलायचा, हेही ठाऊक होतं. पण तिचं धाडस होईना. आज नको, उद्या बघू, असं करत ती टोलवत राहिली.

आणि एक दिवस गल्लीतून भोंगा ओरडत गेला. तारा बदलायच्या होत्या, उद्या दिवसभर वीज बंद.

दुपारी ती सामान घेऊन भाऊजींच्या खोलीत आली. यंत्रात बसलेल्या कॅसेटच्या पाठीला तिनं पातळ पात्यानं चौकोनी खिडकी कापली. आत सेल दिसला. डाग द्यायची कांडी तिनं तापवली आणि प्लगमधून काढून घेतली, कारण भिंतीतली वीज कांडीतून गळाली तर सगळंच संपलं असतं. आता कांडी निवायच्या आत जुना सेल काढून नवा बसवायचा होता. हात लटलट कापत होते. ती घाबरली होती, आयुष्यात कधी नव्हे इतकी. या माणसाच्या डोक्यात आपण उरलोय ते फक्त त्या एका घरापुरते, आणि तेही आपल्याच हातून पुसलं जाणार, हेच तिच्या मनात घुमत होतं.

जुना डाग सुटला. पडदा थरथरला. जाऊबाईंनी डोळे मिटले. भागूबाईनं नवा सेल टेकवला, डाग दिला, फुंकर मारली. पडद्यावर गाव होतं.

"झालं?" जाऊबाईंनी विचारलं.

"बंद करून बघितल्याशिवाय कसं सांगू?"

एकदाचं काय ते होऊन जाऊ दे म्हणून तिनं थेट स्विचला हात घातला. तेवढ्यात भाऊजींनी डाव्या हातानं तिचं मनगट गच्च पकडलं.

"आधी रीसेट!" ते ओरडले.

तिला रडूच फुटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा विसरली, आणि तेही आज! भाऊजींनी मनगट सोडून रीसेटवर अंगठा रोवला आणि मान हलवली. तिनं स्विच बंद केला. पडदा काळा झाला.

तिनं स्विच पुन्हा चालू केला. आधी नुसता करडा उजेड आला, मग रस्ता, मग घरं. भाऊजी गावात फिरायला निघाले. आईचं घर होतं, धाकट्याचं होतं. शेवटच्या दारापुढे ते थांबले. "ही भागूबाई."

मग त्यांचं लक्ष शेजारी बसलेल्या बाईच्या अजून कापणाऱ्या हातांकडे गेलं. बराच वेळ ते बघत राहिले आणि जाऊबाईंकडे वळून हळूच म्हणाले, "नर्सबाई, या बाईंच्या हातात काम चांगलं आहे. पण घाबरतात फार. अगदी आमच्या भागूबाईसारख्या."