खुणेपर्यंत भरलेली बाटली

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. आमचं घर बौद्ध. आजोबांनी छप्पन साली देव्हाऱ्यातले देव नेऊन नदीत सोडले, तेव्हापासून घरात अंगारा नाही की उतारा नाही. शिवाय माझा पेशाच पुरावा मागण्याचा... लहान मुलांच्या अंगात औषध कसं वागतं, किती वेळ टिकतं, यावर माझं काम. मूल म्हणजे लहान मापाचा मोठा माणूस नव्हे, हे डॉक्टरांनाच सांगता सांगता माझं निम्मं आयुष्य गेलं. तरी हे लिहिते आहे, कारण माझा संताप अजून गेलेला नाही.

आमच्याकडे लातूर हा नवीन जिल्हा झाला, त्यानंतरचं दुष्काळाचं साल. गाव लातूर-नांदेडच्या हद्दीवरचं, माळावरचं. नाव मुद्दाम देत नाही. गावानं टँकरसाठी अर्ज केलेला. जुनी कचेरी म्हणे, तुम्ही आता नव्या जिल्ह्यात. नवी कचेरी म्हणे, तुमची फाईल अजून आली नाही. आणि अशा गावाला न्यूमोनियाचं औषध पाठवलं ते कसलं... तर कोरडी पावडर! बाटलीवर खूण असते, तिथपर्यंत उकळून गार केलेलं पाणी घालायचं, हलवायचं आणि पाजायचं. पाठवणाऱ्याच्या अकलेची कीव करावी तेवढी थोडी.

औषध घेणाऱ्या मुलांच्या रक्ताचे नमुने घेत मी घरोघर फिरत होते. रुक्मिणबाईकडे गेले तर तिची दोन वर्षांची मुक्ता धापा टाकत होती. फळीवरची बाटली पाहून माझं डोकंच फिरलं. औषध खुणेच्या निम्म्याच्याही खाली, खिरीसारखं घट्ट.

“एवढंच पाणी घातलंस?”

“वाटीभर होतं, ताई. निम्मं तिला प्यायला ठिवलं. अन् घट्ट हाय तर गुण बी लवकर येईल की. अजून पाजलं न्हाई, तुमचीच वाट बघून राहिले होते.”

तिला तरी काय बोलणार. पण एवढं दाट औषध पोटात गेलं की जुलाब लागतात, आणि पाणी नसलेल्या गावात एवढ्याशा पोरीला जुलाब लागले की काय होतं, ते मी पाहिलेलं होतं. माझ्या थर्मासमधलं उकळलेलं पाणी आधीच्या घरांतल्या बाटल्या भरण्यात संपलेलं, औषधाची दुसरी बाटली शिल्लक नाही, आणि उरलेली अर्धी वाटी पोरीला रात्रभर प्यायलाच हवी. दवाखान्यात चल म्हटलं, तर एसटी एकच, तीही खचाखच. “त्या गर्दीत गुदमरंल की पोरगी,” म्हणाली. मग मी झाकणावर चिकटपट्टी गुंडाळली, नमुन्यांवर करतो तशी जोडावर आडवी सही केली. सकाळी पाणी घेऊन येते, तोवर हात लावायचा नाही, असं बजावून निघाले.

सकाळी उकळलेल्या पाण्याचा कॅन घेऊन पोचले... तर बाटली बरोबर खुणेपर्यंत भरलेली.

मी इतकी ओरडले की शेजारच्या बाया गोळा झाल्या. रुक्मिणबाई रडायलाच लागली. “लेकीची आण घेते, ताई. तुमची पट्टी तर बघा.”

पाहिली. पट्टी होती तशी, सही जागच्या जागी, कडा कुठे उचललेली नाही. बाटलीला चीर नाही. आणि आदल्या दिवशीचं अर्धी वाटी पाणी, मुक्ताला पाजलेले दोन घोट सोडले तर, कोपऱ्यात तसंच झाकून ठेवलेलं.

मुक्ताचा श्वास वाढला होता. “आता काय बघून राहिलात? द्या की,” रुक्मिणबाई म्हणाली. मी वास घेतला, थेंबभर जिभेवर ठेवलं. औषधच होतं. शेवटी पाजलं. कॅनमधल्या पाण्यात मीठ-साखर घालून घोटघोट देत राहिले.

पोरगी वाचली. रक्तातली औषधाची पातळी हवी तेवढीच आली, बाटलीतलं प्रमाणही चोख. प्रयोगशाळेतले आमचे सर म्हणाले, “हा नमुना बाजूला ठेवा.”

इथवर ठीक होतं. पण बातमी फुटली. रिकामी बाटली फळीवर होती, तिला कुणीतरी हळदकुंकू वाहिलं, मग उदबत्ती, मग नारळ... पार मुदखेडहून माणसं येऊ लागली. आणि काय सांगू, टँकर आला! दर्शनाला येणाऱ्यांची गैरसोय नको म्हणून. मागून नव्या कचेरीतल्या साहेबांची जीप. साहेबांनी बूट काढले, बाटलीपुढे वाकले.

मी म्हटलं, “साहेब, हेच पाणी पोरांसाठी मागितलं तेव्हा तुमच्याकडे फाईल नव्हती.”

“श्रद्धेचा विषय आहे, मॅडम,” म्हणाले आणि जीपमध्ये बसले.

रुक्मिणबाई मुक्ताला कडेवर घेऊन टँकरच्या रांगेत उभी होती. “बाटलीच्या पाया पडले, ताई,” ती म्हणाली, “माझ्या लेकीकडं बघितलं बी न्हाई.”

त्या बंद बाटलीत पाणी कुठून आलं, मला आजही सांगता येत नाही. खूप डोकं लावलं, तज्ज्ञांना विचारलं, हाती काही लागलं नाही. तुमच्यापैकी कुणाला उलगडा झाला तर जरूर कळवा. फक्त माझ्यासमोर त्याला चमत्कार म्हणू नका... आणि रुक्मिणबाईसमोर तर मुळीच नको.